ताण्याखालचा मल्लेश

उन्हाळ्यात आमच्या घरी दोन माठ असायचे, एक पिण्याच्या पाण्याचा आणि एक फोटोच्या पाण्याचा. फोटोच्या माठाला हात लावलेला आईला खपायचा नाही. शाळेतून घामाघूम होऊन आलं तरी त्यातलं पाणी प्यायचं नाही. मोरीशेजारी एक अंधारी खोली होती, तिच्या दाराशी वाळूवर तो माठ बसवलेला असे. त्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं, आणि येता-जाता जो कोणी दिसेल त्याला आई म्हणायची, "जरा शिंपड की पाणी." सोलापूरचा वैशाख ज्यांनी काढलाय त्यांना जास्त सांगायला नको. दुपारी नळाचं पाणी हाताला चटका द्यायचं. फोटो तेव्हा काचेवर घ्यायचे. काचेवर मसाल्याचा पातळ थर असे आणि त्या थरातच माणूस उमटे. असल्या कढत पाण्यात ती काच बुडवली की थर मऊ पडून सुटायचा. म्हणून आप्पा, माझे वडील, उन्हाळ्यातल्या काचा पहाटेच धुवायचे. एखाद्या आठवड्यात पहाटवाराही गरम सुटला तर काचा तशाच काळ्या कागदात बांधून ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "थोडं थांबा. गार पडू दे."

आमचे आजोबा देवळांच्या भिंतींवर चित्रं काढायचे, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आप्पांनी त्यातून फोटोचा धंदा काढला. नव्या पेठेतल्या एका बोळात खाली फोटोचं दुकान, मागं स्वयंपाकघर, वर आम्ही. दुकानातला पडदा आप्पांनी स्वतः रंगवला होता. त्यावर संगमरवरी जिना होता, जिन्याखाली तळं आणि तळ्यात बदकं. तसला जिना गावात कुणाच्याच घरी नव्हता, म्हणून प्रत्येकाला आपला फोटो त्याच्याच पुढं हवा असायचा. नवी लग्नं झालेली जोडपी यायची, गिरणीतले जॉबर, म्हणजे मुकादम, कोट घालून यायचे, तालमीतले पैलवान दंड फुगवून यायचे, ईद झाली की अत्तराचा वास घेऊन मुसलमान व्यापारी आपल्या मुलांना आणायचे. आप्पा सगळ्यांना एकच सांगायचे, "हनुवटी वर. श्वास धरा. हं." मला लहानपणी वाटायचं की मोठी माणसं फोटोत धरून ठेवण्यापुरताच श्वास घेतात. घरात सगळीकडं औषधांचा आंबट वास असे, आणि आई उखळात शेंगदाण्याची चटणी कुटायला बसली की त्या वासात लसणीचा वास मिसळायचा. आजही शेंगाची चटणी ताटात आली की माझ्या नाकाला दुसरा एक वास हवासा वाटतो आणि तो नसतो. बाहेर गिरणीचा भोंगा, आणि वारा पूर्वेकडून असला तर साळ्यांच्या वस्तीतल्या हातमागांची खटखट. दिवसाचं घड्याळ आम्ही त्या आवाजांवरच लावायचो.

त्या घरात अक्का परत आली तेव्हा मी मराठी शाळेच्या शेवटच्या वर्गात असेन. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण इंदू. तिला माढ्याला दिली होती. पहिलं बाळंतपण आमच्याकडंच झालं, मुलगी झाली, नाव ठेवलं मंजुळा. बारसं झालं, पोर बाळसं धरायला लागली तशी माढ्याहून माणूस येऊन दोघींना घेऊन गेला. पुढं गोवराची साथ आली. मंजी चालायला लागली होती, दोन-चार शब्द बोलायला लागली होती, तेवढ्यात गेली. आम्हाला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर अक्काला दिवस राहिले नाहीत, सासरच्यांनी मुलाला दुसरी बायको करून दिली आणि एका सकाळी अक्का एका ट्रंकेसकट टांग्यातून आमच्या दारात उतरली. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, आप्पांनी ट्रंक उचलून आत नेली. "आलीस? बरं केलंस," एवढंच ते म्हणाले. मंजीचं नाव त्या दिवसापासून घरात कुणी काढलं नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांनी पाळलं.

अक्का पहिले काही महिने नुसती बसून असायची. मग आप्पांनी तिच्या हातात काम दिलं. काचेवरून कागदावर फोटो उतरवायचं काम उन्हातच होई. लाकडी चौकटीत काच आणि कागद एकावर एक दाबून त्या चौकटी गच्चीवर ओळीनं मांडायच्या, आणि उन्हानं कागद काळवंडत जाई. किती वेळ ठेवायचं ते ढगांवर, वेळेवर, काचेवर अवलंबून. अक्काचा अंदाज आप्पांपेक्षाही बरा निघाला. ती डोक्यावर ओला पंचा घेऊन चौकटींमधून फिरायची, एखादी मागून अर्धी उघडून बघायची आणि परत मिटायची. मी तिला विचारलं होतं, "कंटाळा येत नाही का गं?" ती म्हणाली, "माणूस येतो की हळूहळू वर. कंटाळा कशाचा?"

आप्पांकडं एक जुना हातातला कॅमेरा होता, घडी घालून पेटीसारखा मिटणारा. कुठल्याशा साहेबानं गाव सोडताना तो विकला होता आणि आप्पांना त्याचा काही उपयोग सापडला नव्हता, कारण फोटो काढायला लोक दुकानात येत असताना आपण रस्त्यावर कशाला जायचं? अक्कानं तो एक दिवस पुसायला घेतला. मग गच्चीवरून खालच्या बोळाचा फोटो काढला. आणि मग एका सकाळी पदर खोचून, चपला घालून ती मला म्हणाली, "सुमे, चल. बाहेर जाऊ."

आईनं चुलीपुढून विचारलं, "कुटं निघाल्या गं दोघी?"

"रस्त्यावर."

"रस्त्यावर काय हाय?"

अक्कानं कॅमेरा काखेत घेतला. आप्पा दुकानातून म्हणाले, "जाऊ दे तिला." आईनं भाकरी तव्यावर जरा जोरातच टाकली.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघी सोलापूरभर फिरलो. बाई हातात कॅमेरा घेऊन चाललीय म्हटल्यावर सुरुवातीला लोक थांबून बघायचे, पोरं "फोटूवाली बाई" म्हणत मागं यायची. पण अक्का इतकी शांतपणे उभी राहायची की थोड्या वेळानं लोक तिला विसरून जायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. त्यासाठीच ती थांबलेली असायची. गिरणी सुटल्यावर डोक्यावर डबे घेऊन लगबगीनं निघालेल्या बायका. चादरींचा ढीग डोक्यावर घेऊन चाललेला माणूस, ज्याचं तोंडच दिसत नाही. सिद्धेश्वराच्या तळ्याच्या पायरीवर पाय सोडून बसलेली म्हातारी. स्टेशनबाहेर तोबऱ्यात तोंड घालून उभे असलेले टांग्याचे घोडे आणि त्यांच्या सावलीत झोपलेला टांगेवाला. आप्पा हे फोटो उजेडात धरून बघायचे आणि बुचकळ्यात पडायचे. "इंदे, ह्यातलं कुणीच कॅमेऱ्याकडं बघत न्हाई की."

"म्हणून तर काढले, आप्पा."

आता माझ्या नातवाच्या लग्नाचे फोटो बघते तेव्हा इतके रंग असतात की माणसाच्या तोंडावर डोळा ठरत नाही. अक्काच्या फोटोत दोनच रंग होते, आणि सोलापूरला ते दोन पुरायचे. आमच्याकडचं ऊन पांढरं आणि सावली काळी, मधलं फारसं काही नाही. अक्का मला भिंतीच्या कडेनं चालताना दाखवायची, "ते बघ, म्हैस पांढऱ्यातून काळ्यात गेली." मला तेव्हा त्यातली गंमत फारशी कळायची नाही. मला दुकानातल्या पडद्यापुढं खुर्चीत बसून फोटो काढून घ्यायचा असे. पण तिच्याबरोबर चालायला आवडायचं. घरात गप्प असणारी अक्का रस्त्यावर बोलायची. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. रस्त्यावर काहीही चाललेलं असो, लहान मूल दिसलं की तिची पावलं थांबायची. काखेतलं मूल, झोळीतलं मूल, नळाखाली नागडं नाचणारं मूल. फोटो काढायचीच असं नाही. नुसती बघायची, वाकून, फार जवळून, आणि मग पुढं निघायची. एखादी आई मूल पदराखाली घ्यायची. अक्काला त्याचं वाईट वाटलेलं दिसायचं नाही.

साळ्यांच्या वस्तीत आम्हाला नरसव्वा भेटली ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. तिथं सगळी तेलुगू माणसं. घरात माग, दारात सूत, आणि गल्लीत सकाळी लांबच्या लांब ताणा लावलेला. मागावर चढवायचे उभे धागे असतात ते असे रस्त्यात ताणून, पिठाची खळ लावून वाळवायचे. कमरेएवढ्या उंचीवर शेकडो पांढरे धागे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. नरसव्वा ओट्यावर बसून चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. माझ्यापेक्षा फार मोठी नसावी. तिचा मुलगा मल्लेश, नुकता नीट चालायला लागलेला, कमरेला करदोडा आणि बाकी काही नाही, तो ताण्याखाली शिरला होता. वरून ऊन, त्याच्यावर धाग्यांच्या सावल्या. अंगभर बारीक रेघा घेऊन तो चालत होता आणि हात वर करून धाग्यांना शिवायला बघत होता. त्याचा बाप तिकडून ओरडला, पण नरसव्वा हसायला लागली. अक्का रस्त्यात गुडघ्यावर बसली. मल्लेशनं थांबून तिच्याकडं बघितलं. कॅमेऱ्याचा खटका वाजला.

नरसव्वानं विचारलं, "अक्का, फोटू देणार का मला?" अक्का हा शब्द सोलापुरात मराठीचा, कानडीचा, तेलुगूचा, सगळ्यांचा आहे. त्यामुळं ती तिला पहिल्यापासून अक्काच म्हणाली.

"देणार की. गार पडलं की काच धुते आणि आणून देते."

पण गार पडेना. त्या आठवड्यात पहाटेसुद्धा वारा पोळत होता. मल्लेशची काच इतर काचांबरोबर काळ्या कागदात बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहिली.

नरसव्वा आमच्या दारात आली ती दुपारची. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी पडवीत कैऱ्या चिरत बसले होते. तिला मी आधी ओळखलंच नाही. केस मोकळे, पायात काही नाही, आणि मागं थोड्या अंतरावर खांद्यावर गाठोडं घेतलेला एक पुरुष. तो तिचा भाऊ होता.

"फोटूवाली अक्का हाय का?" तिनं विचारलं.

अक्का बाहेर आली. तिला बघून नरसव्वा उंबऱ्याशीच बसली. "फोटू दे अक्का. पोरगा गेला माझा."

मल्लेशला सकाळी उलट्या सुरू झाल्या होत्या आणि संध्याकाळपर्यंत तो संपला होता. त्या दिवसांत असं पुष्कळ घरांत व्हायचं. भाऊ तिला माहेरी न्यायला आला होता, लांब निजामाच्या मुलखात. संध्याकाळच्या गाडीनं निघायचं होतं. हे सगळं तिच्या भावानं मोडक्या हिंदीत सांगितलं. ती नुसती अक्काकडं बघत होती.

आप्पा बाहेर आले. आमचे आप्पा मायाळू, पण धंद्यात चोख. ते तिच्यासमोर खाली बसून म्हणाले, "पोरी, काच अजून धुतलेली न्हाई. ह्या उन्हात धुतली तर हातची जाईल. उद्या-परवा पहाटे गार झालं की धुतो. गावाचं नाव सांगून जा, मी पोस्टानं पाठवीन. माझा शब्द."

तिनं मान हलवली. पण उठली नाही. मग अक्काकडं बघून म्हणाली, "तोंड येईना अक्का."

"काय?"

"डोळे मिटते. त्याचा आवाज येतो. करदोडा येतो. पाय येतात. तोंड येईना. आत्ता चार रोज झाले न्हाईत, आणि तोंड येईना." तिनं दोन्ही तळहातांनी स्वतःचंच तोंड दाबून धरलं. "गाडीत बसले की समदं हितंच राहील. मग कुटनं येणार?"

अक्काचा चेहरा मी तेव्हा बघितला. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, तिनं एकदम पदर खोचला. "आप्पा, बर्फ आणा."

स्टेशनाजवळ सोडा-लेमनच्या दुकानात बर्फ मिळायचा. आप्पा म्हणाले, "अगं, पण ह्या दुपारी असंल का?"

"असंल. जा तुम्ही. बर्फ आला की धुते."

आप्पांनी टोपी घातली, एक गोणपाट भिजवून खांद्यावर टाकलं आणि आपलं वय विसरून बोळातून जवळजवळ पळतच गेले. आईनं नरसव्वाला आत घेतलं, पाणी दिलं. भाकरी पुढं ठेवली, पण तिनं हात लावला नाही. तिचा भाऊ दारात उभा राहून सारखा उन्हाकडं बघत होता. ओट्यावरच्या सावलीवरूनच त्याला गाडीची वेळ कळत असावी. आम्ही सगळे बोळाकडं कान लावून बसलो. एखादा टांगा वाजला की मी उठून बघायची. आप्पांचा पत्ता नव्हता. सावली ओट्यावरून उतरून बोळाच्या मधे आली तसा भाऊ काहीतरी तेलुगूत बोलला. नरसव्वा उठून उभी राहिली.

"बस," अक्का म्हणाली. "मी धुते."

आई म्हणाली, "इंदे, आप्पांना येऊ दे की."

"ती चालली, आई."

अंधाऱ्या खोलीत मी तिच्याबरोबर होते. लाल काचेचा कंदील लावला, त्याचीच धग इतकी की श्वास कोंडत होता. माठातलं सगळं पाणी काढलं, ताटल्या ओल्या फडक्यांवर ठेवल्या, थर घट्ट राहावा म्हणून पाण्यात तुरटी विरघळवली. अक्कानं दोनदा पाण्यात बोट बुडवून बघितलं. मग काच पहिल्या ताटलीत सोडली आणि ताटली हलवायला लागली. मल्लेश आला. काचेवर सगळं उलटं उमटतं, उजेड काळा आणि सावली पांढरी, पण अक्काच्या डोळ्यांना ते सरळच दिसायचं आणि तोवर मलाही थोडं दिसायला लागलं होतं. अंगावरच्या बारीक रेघा आल्या. वर केलेला हात आला. मग तोंड. इतकं स्वच्छ तोंड मी त्याआधी एकाही काचेवर बघितलं नव्हतं. ओठ थोडे उघडे, काहीतरी विचारायला निघाल्यासारखे. "आला गं," अक्का म्हणाली. तिच्या आवाजात मी बऱ्याच वर्षांत न ऐकलेलं काहीतरी होतं.

फोटो पक्का करायच्या ताटलीत काच गेली तेव्हा कडेला एक सुरकुती पडली. अक्कानं काच लगेच उचलली. सुरकुती वाढली. तिनं काच आडवी धरली, खाली ओलं फडकं लावलं, वरून फुंकर घातली. दुधावरची साय पातेल्याच्या कडेनं सुटावी तसा सगळा थर काचेवरून सुटायला लागला. तिनं दोन्ही तळहातांनी तो काचेवर धरून ठेवला. मी म्हणत होते, "अक्का, अक्का." तो तिच्या बोटांच्या मधून घसरला आणि ताटलीत पडून गोळा झाला. मल्लेशचं तोंड एकदा लांबलं, दुमडलं, आणि गेलं. हातात कोरी काच राहिली. लाल उजेडात तिच्यातून अक्काची बोटं दिसत होती.

ती लगेच बाहेर गेली नाही. काच खाली ठेवली, हात पदराला पुसले, मला म्हणाली, "दार उघड."

नरसव्वा दाराशीच उभी होती. अक्काचे रिकामे हात बघून तिला कळलं असावं. अक्का म्हणाली, "गेला गं बाई. माझ्या हातातनं गेला. पाणी गरम होतं."

नरसव्वा त्या हातांकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "पण दिसला का तुला?"

"दिसला."

"सांग."

अक्का खाली बसली. नरसव्वा तिच्यापुढं बसली आणि डोळे मिटले. अक्कानं सांगितलं, आणि ती सावकाश सांगत होती, एकेक जागा बोटानं दाखवावी तशी. कपाळ रुंद, त्यावर केस पुढं आलेले, डाव्या बाजूला एक बट वळलेली. भुवया विरळ. डोळे मोठे, एक डोळा उन्हानं जरा बारीक केलेला. गालावर धाग्यांच्या सावल्या. नाक बसकं. वरचा ओठ मधे टोकदार. खालचे दोन दात दिसतात. हनुवटीवर लाळ आहे, तिच्यावर ऊन चमकतंय.

"खळ," नरसव्वा डोळे मिटूनच म्हणाली. "लाळ न्हाई. खळ खाल्ली होती त्यानं. खळ खायचा तो." आणि तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आला. अक्का, आला. थांब, बोलू नको."

तिचा भाऊ दारात तोंड फिरवून उभा राहिला. नरसव्वा बराच वेळ तशीच बसली. मग डोळे उघडून अक्काच्या दोन्ही हातांना शिवली, ते हात आपल्या डोळ्यांना लावले आणि उठून गेली. बोळाच्या तोंडाशी तिला आप्पा आडवे आले. घामानं निथळत होते, खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेला बर्फ, आणि त्यातून पाणी गळून सदरा भिजलेला. स्टेशनाजवळ बर्फ संपला होता. पार गिरणीकडच्या दुकानातून त्यांनी तो आणला होता. पडवीत येऊन त्यांनी गोणपाट खाली ठेवलं आणि आमच्या तोंडांकडं बघितलं. "झालं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते तसेच खांबाला टेकून खाली बसले.

बर्फ पडवीत विरघळत राहिला. ऊन उतरलं, गिरणीचा भोंगा झाला, गाडीची शिट्टीही ऐकू आली. अक्का बसली होती तिथून हलली नव्हती. आई दिवा लावायला उठली तेव्हा अक्का म्हणाली, "आई, आमची मंजी कशी होती गं?"

आईचा हात थांबला. किती वर्षांनी ते नाव त्या घरात कुणी उच्चारलं होतं.

"मला तिचं तोंड आठवत न्हाई," अक्का म्हणाली. "माढ्याहून आले तेव्हापासनं आठवत न्हाई. एवढी पोरं बघते रस्त्यात. वाटतं, एखादं तिच्यासारखं असंल, मग आठवंल. तू सांग की. तू तर न्हाऊ घालायचीस तिला."

आई तिच्याजवळ बसली. तिनं सांगायचा प्रयत्न केला. म्हणाली, डोळे आप्पांवर गेले होते. आप्पा म्हणाले, न्हाई, डोळे इंदूचेच होते, नाक माझं होतं. मी म्हणाले, तिला हसताना गालावर खळी पडायची. आई म्हणाली, खळी तुला पडायची सुमे, तिला न्हाई. आम्ही तिघं तीन मंज्या सांगत होतो आणि अक्का नरसव्वासारखे डोळे मिटून आमच्यामधे बसली होती. शेवटी तिनं डोळे उघडले. "येत न्हाई गं," ती म्हणाली.

तेव्हा आई जशी रडली तसं मी तिला आयुष्यात कधी रडताना बघितलं नाही. मंजी आमच्या घरी असताना आप्पांनी दोनदा कॅमेरा लावला होता. दोन्ही वेळा आईनं पोर उचलून आत नेली होती. तान्ह्या लेकराचा फोटो काढू नये, आयुष्य ओढून घेतो, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. "वरीस होऊ दे, मग काढा," म्हणाली होती. "मीच काढू दिला न्हाई," आई म्हणत होती, "मीच काढू दिला न्हाई गं." अक्कानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. "तू तिच्या आयुष्यासाठीच केलंस की," ती पुन्हा पुन्हा म्हणाली. त्या दोघींतलं कोण कुणाला धीर देत होतं, ते मला आज इतक्या वर्षांनीही सांगता येणार नाही.

पावसाळ्यानंतर अक्का पुन्हा कॅमेरा घेऊन निघाली, पण म्हशी, टांगे, भिंती यांच्याकडं तिनं फारसं बघितलं नाही. ती घराघरांत जाऊ लागली. साळ्यांच्या वस्तीत, मुसलमानांच्या मोहल्ल्यात, गिरणीच्या चाळीत, जिथं पाळणा हलतोय तिथं. बायका आधी नाही म्हणायच्या. कुणी मूल पदराखाली झाकायचं, कुणी दार लावायचं. अक्का ओट्यावर बसायची, मीठ-मिरचीच्या गप्पा मारायची, आणि मग सांगायची, "माझी एक होती. तिचा काढला न्हाई, तरी गेली." पुढं आणखी काही सांगावं लागायचं नाही. बाई उठून मुलाचं तोंड पदरानं पुसायची आणि त्याला ओट्यावर उजेडात आणून बसवायची. नरसव्वा परत सोलापूरला आली की नाही ते आम्हाला कधी कळलं नाही. अक्का त्या गल्लीत गेली की त्या ओट्याकडं बघायची. तिथं दुसरी माणसं राहायला आली होती.

माझं लग्न जेऊरला झालं. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले, मुलगा झाला. सव्वा महिना झाला त्या सकाळी आईनं त्याला न्हाऊ घातलं, कुंची घातली, आणि त्याला घेऊन ती माडीवरून थेट खाली दुकानात गेली. मी मागोमाग गेले. आप्पा कुणा गिऱ्हाइकाशी बोलत होते, ते बोलता बोलता थांबले. आई पडद्यापुढच्या खुर्चीत बसली, नातवाला मांडीवर सरळ धरलं आणि म्हणाली, "इंदे, काढ फोटो."

अक्कानं मोठा कॅमेरा लावला आणि काळं कापड डोक्यावर घेऊन, माणूस दिसतो त्या मागच्या काचेवर वाकली. आम्ही वाट बघत राहिलो. पोर चुळबुळायला लागलं, मग रडायला लागलं. आईनं त्याला थोपटलं. कापडाखालून काहीच हालचाल नव्हती. आप्पा एक पाऊल पुढं झाले आणि थांबले. शेवटी आईनंच हळूच विचारलं, "इंदे? काय झालं गं?"

"काही न्हाई," अक्का आतून म्हणाली. "रडू दे त्याला जरा. बघू दे मला."